मामलेदाराची बदली

सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि मी सतराव्यांदा तेच गाव वाचवायचा प्रयत्न करत होतो.

गाव रोमन साम्राज्याच्या पार पूर्वेला, एका नदीकाठी होतं. मी बुधवार पेठेत होतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं तिथे महिन्याच्या बोलीने टेबल-खुर्ची घेतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत माना खाली घालून वाचतात. माझ्या शेजारची मुलगी पंचायत राज पाठ करत होती. मी लॅपटॉपच्या पडद्यावर गावाकडे चालून येणाऱ्या तीन शत्रुसैन्यांकडे बघत होतो. माझं वय एक्केचाळीस. नोकरी जाऊन पाच आठवडे झाले होते आणि हे घरात कोणालाही माहीत नव्हतं.

रोज साडेआठला मी आणि बायको धायरीच्या घरातून एकत्रच निघायचो. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, नऊ ते चार. डबे आम्ही दोघं मिळून भरतो, पोळ्या तिच्या आणि भाजी माझी. त्या पाच आठवड्यांत मी भाज्या फार मन लावून केल्या. कोपऱ्यावर ती स्कूटरवरून हात हलवायची, मी हात हलवायचो, आणि ती दिसेनाशी झाली की मी ऑफिसचा रस्ता सोडून शहराकडे वळायचो. गळ्यात ओळखपत्राची दोरी असायची. ओळखपत्र त्यांनी काढून घेतलं होतं, दोरी राहिली होती. मी ती शर्टाच्या आत घालायचो, म्हणजे पुढे कार्ड नाही हे दिसत नसे.

अभ्यासिकेच्या मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "कुठली परीक्षा?"

"ठरवतोय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पिकलेल्या कानशिलांकडे बघितलं. "ठरवा. फक्त आधी वयाची अट बघा, मग ठरवा." पुढे त्यांनी पुन्हा कधी काही विचारलं नाही.

आता हा खेळ माझा एकट्याचा नव्हता, हे सांगायला हवं. तो माझा आणि बाबांचा होता.

आई गेल्यावर बाबा कात्रजच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायला लागले. आमच्याकडे या म्हटलं की म्हणायचे, "येईन की. मला उचलून आणायची वेळ आली की येईन." दिवसभर काय करतात हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी त्यांना एक कॉम्प्युटर जोडून दिला आणि त्यावर साम्राज्य चालवायचा एक खेळ टाकला. खेळात अनेक राज्यं होती. मी त्यांना आपल्या इकडचा इतिहास असलेला दुसरा एक खेळही दाखवला होता, पण तो त्यांनी साफ नाकारला. "आपल्या माणसांच्या नावावर मी चुका करणार नाही. रोम दे. तिथे काही झालं तरी आपल्याला कोणी विचारायला येणार नाही."

खेळ सोपा सांगायचा तर असा. साम्राज्यात पन्नासेक गावं. प्रत्येक गावावर एक सुभेदार नेमायचा. सुभेदार बरा असला तर गाव शांत राहतं, ढिला असला तर लोक बिथरतात. मग सैन्य आणून बसवावं लागतं, आणि ते ज्या सीमेवरून उचललं तिथून शत्रू आत येतो. एक चाल म्हणजे तीन महिने. आम्ही ठरवलं होतं की एकाने चार चाली, म्हणजे एक वर्ष खेळायचं आणि मग फाईल दोघांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची. पुढचं वर्ष दुसऱ्याचं. बाबांना एका वर्षाला सहा दिवस लागायचे. मी शनिवार-रविवारी उरकायचो.

बाबा महसूल खात्यात होते. कारकून म्हणून लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. आजोबा अंगठा उठवायचे. धम्मदीक्षा घेतल्यावर आजोबांनी ठरवलं होतं की आपला मुलगा सही करणार, आणि बाबांनी पुढे जन्मभर सही केली. त्यामुळे कागद ही गोष्ट आमच्या घरात चेष्टेची नाही. पहिलंच वर्ष खेळून मी फाईल ठेवली तर त्यांचा फोन आला, "चार्ज रिपोर्ट कुठे आहे?"

"कसला चार्ज रिपोर्ट?"

"तू राज्य माझ्या ताब्यात देतोयस ना? काय दिलंस ते लिहून दे. कुठे किती सैन्य, कोणत्या गावाला कोण अधिकारी, काय शिल्लक, काय बिघडलंय. खाली दोन सह्या. कार्यभार देणार, कार्यभार घेणार. हाताने लिही आणि फोटो पाठव."

मी हसलो, पण लिहिलं. तेव्हापासून चार वर्षं आम्ही दोघं दर पाळीला फुलस्केपवर चार्ज रिपोर्ट लिहीत आलो. त्यात घरचं काही लिहायचं नाही असा अलिखित नियम होता. लिखित नियम दोन. एक, झालेली नोंद पुसायची नाही. म्हणजे एखादी लढाई हरली तर मागची प्रत उघडून ती पुन्हा खेळायची नाही. "रजिस्टरात खाडाखोड नसते. चुकलं तर वरून एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची," असं ते म्हणायचे. दुसरा नियम बदल्यांचा. कोणताही सुभेदार एका गावात तीन वर्षांच्या वर ठेवायचा नाही.

या दुसऱ्या नियमाने आमच्या साम्राज्याचं काय केलं ते मी सांगू शकत नाही. खेळात सुभेदाराला एका गावाहून दुसऱ्या गावी जायला सहा-सहा महिने लागतात. त्यामुळे आमचे निम्मे अधिकारी कायम रस्त्यावर. एकाला जंगलात दरोडेखोरांनी मारलं, दोघं जहाजासकट बुडाले. दारूडा निघालेला एक जण बाबांनी एका ओसाड बेटावर टाकला आणि रिपोर्टात लिहिलं, "साइड पोस्टिंग." मी चिडून म्हणायचो, अहो बाबा, तो माणूस तिथे रुळला की त्याची अक्कल वाढते, खेळच तसा बनवलाय. ते म्हणायचे, "रुळला की अक्कल वाढते आणि हातही लांब होतात. मी बघितलंय."

अपवाद एकच. पूर्वेच्या त्या नदीकाठच्या गावी बाबांनी बावीस वर्षांचा एक पोरगेला अधिकारी नेमला होता. गाव फाटकं, लोक सतत बंडाच्या पवित्र्यात, पलीकडे शत्रू. कोणीही गेलं की वर्षात पळून यायचं किंवा मारलं जायचं. हा टिकला. बाबा त्याला मामलेदार म्हणायचे. तीन वर्षं झाली तरी त्याची बदली निघाली नाही, दहा झाली तरी नाही. मी रिपोर्टात विचारलं तेव्हा उत्तर आलं, "जिथे कोणी जात नाही तिथे हा बसलाय. राहू दे." खेळातला मामलेदार आता पंचावन्न वर्षांचा झाला होता. तीन तटबंद्या, एक बाजार, एक पाण्याचा कालवा, सगळं त्याच्या काळातलं. मला तो आवडत नव्हता असं मी म्हणायचो. मला तो फार आवडायचा.

माझी नोकरी चौदा मिनिटांत गेली. मीटिंग व्हिडिओवर होती. एक बाई अत्यंत सभ्य आवाजात कागद वाचत होत्या. बारा वर्षं मी तिथे होतो. सहा प्रॉडक्ट्सचं कुठे काय अडकलंय, कोणत्या ग्राहकाला काय कबूल केलंय, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. मी विचारलं, हे सगळं कोणाला सोपवू? त्या म्हणाल्या, त्याची गरज नाही. संध्याकाळी लॅपटॉप आणि कार्ड जमा केलं. खाली उभ्या असलेल्या सिक्युरिटीवाल्याने मात्र रजिस्टरात माझी सही घेतली. तेवढीच सही.

घरी जाऊन सांगायचं मी बसमध्ये ठरवलं होतं. दार उघडलं तर बायको फोनवर तिच्या आईला सांगत होती की यंदा याला प्रमोशन मिळेल बहुतेक. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या शनिवार होता. मग रविवारही तसाच गेला. सोमवारी मी शर्ट इस्त्री करत होतो. एकदा सोमवार गेला की मंगळवारी सांगणं अवघड होतं, कारण मग सोमवारचंही सांगावं लागतं. असे पाच आठवडे साठले. आणि बाबा तर कात्रजच्या बसस्टॉपवरही लोकांना सांगायचे की आमचा मुलगा मॅनेजर आहे. आजोबांचा अंगठा, बाबांची सही, आणि त्यापुढे मी.

त्या पाच आठवड्यांत तीन मुलाखती झाल्या, तिन्ही अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून, मोबाईलवर. पहिल्यात मी त्यांना फार अनुभवी वाटलो, दुसऱ्यात फार महाग. तिसऱ्याने मला सर म्हटलं, आणि तेव्हाच कळलं की हेही गेलं. उरलेला सगळा वेळ मी साम्राज्य चालवत होतो. दिवसभर दुसरं काही करायला माझा हातच धजत नव्हता.

चमत्कारिक गोष्ट अशी की बाबांच्या बाजूनेही सगळं बिघडत चाललं होतं. सहा दिवस लावणारे बाबा आता फाईल दुसऱ्या दिवशी सकाळीच परत ठेवायचे. मी दहाला टेबलावर येऊन बसायचो तर फाईल तयार. मला बरं वाटायचं, आणि उघडली की डोकं फिरायचं. बदल्या थांबलेल्या. दोन गावांना सुभेदारच नाही. उत्तरेचं सैन्य हिवाळ्यात डोंगरात तसंच उभं, अर्धं थंडीने मेलेलं. रिपोर्ट चार ओळींचा. बाबा थकले, असं मला वाटलं. मग वाटलं, कंटाळले असतील. आणि मग सरळ रागच आला. माझ्या आयुष्यात धड चालेल अशी एकच गोष्ट शिल्लक होती आणि हा म्हातारा तीही बुडवत होता.

त्या रागात मी रिपोर्टाखाली शेरा लिहिला. "मागील वर्षाच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी डोळे मिटून कारभार केलेला दिसतो. निवृत्तीचे वय उलटल्याचा परिणाम असावा. खुलासा सादर करावा."

दुसऱ्या दिवशी फाईलसोबत उत्तर आलं. "शेरा वाचला. खुलासा नाही."

ती फाईल बुधवारची. तिच्यातच पूर्वेला तीन सैन्यं उभी होती. मामलेदाराच्या गावापासून एका चालीवर.

गावात मामलेदाराकडे सहाशे माणसं होती, समोर चार हजार. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा तटावर उभं राहून लढलो. गाव पडलं, मामलेदार मेला. पडद्यावर त्याचं नाव राखाडी झालं. मी चार वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. मागची प्रत उघडली.

दुसऱ्यांदा दार उघडून अचानक हल्ला केला. मेला. तिसऱ्यांदा पूल तोडला. चौथ्यांदा गल्ल्यांत अडथळे लावले. दहाव्यांदा दोनशे शिल्लक राहिले होते तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, आणि एक भाला आला. सतराव्यांदा, विसाव्यांदा, पंचविसाव्यांदा. मी मनात बोलायला लागलो होतो. हा वाचला तर सोमवारी फोन येईल. हा वाचला तर आज घरी सांगेन. मी इंजिनिअर माणूस, कशालाही नवस न बोलणाऱ्या घरातला, आणि मी एका चित्रातल्या माणसाला नवस बोलत होतो.

गुरुवारी दुपारी पाऊणला बायकोचा फोन आला. मी जिन्यात गेलो.

"ऐक ना, आज दोनला लेकीच्या शाळेत पालकसभा आहे. लॅबमध्ये दोन जण आलेच नाहीत, मला सुटता येणार नाही. तू हाफ डे टाकशील का? एकदाच."

"अगं, मीटिंग आहे. क्लायंटबरोबर."

"पुढे नाही ढकलता येणार?"

"नाही गं."

ती "बरं" म्हणाली. मी परत येऊन बसलो. मला दिवसभरात काडीचं काम नव्हतं. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. सोसायटीतलं कोणी बघेल, मग सुट्टी कशी मिळाली हे सांगावं लागेल, अशी कारणं मी स्वतःला दिली, पण खरं कारण एवढंच होतं की मी एकतिसाव्या खेपेला होतो आणि या वेळी मामलेदार जिंकत आला होता. पावणेतीनला तो मेला.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "टीचरनी विचारलं, तुझं कोणीच नाही का?" आणि टीव्ही लावून बसली. तिला त्याचं फार काही वाटलेलं नव्हतं. मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी त्रेचाळिसावी खेप हरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बाबांचा फोन आला. मी जिन्यात जाऊन नेहमीच्या घाईच्या आवाजात म्हणालो, "बाबा, ऑफिसात आहे, संध्याकाळी करू?"

ते म्हणाले, "तू रोज कुठे बसतोस?"

कुठे आहेस असं त्यांनी विचारलं नव्हतं. 'रोज' म्हणाले होते. त्या एका शब्दात सगळं होतं आणि आता खोटं बोलायला जागा नव्हती. मी पत्ता सांगितला. "थांब तिथेच," ते म्हणाले, "स्वारगेटपर्यंत बस, पुढे चालत. तास लागेल."

ते खरंच तासाने आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात प्लास्टिकची पिशवी. अभ्यासिकेचे मालक म्हणाले, "आपली कुठली परीक्षा?" बाबा म्हणाले, "तोंडी." आणि मला घेऊन खाली समोरच्या अमृततुल्यात आले.

चहा आल्यावर ते म्हणाले, "फोल्डरमध्ये प्रत्येक वेळची प्रत राहते. पुढे तारीख आणि वेळ."

मी सॉफ्टवेअरवाला. हे मला माहीत होतं. बाबांना ती यादी उघडता येते हे मला माहीत नव्हतं. सातबारे कॉम्प्युटरवर चढवताना ज्या माणसाने तालुक्यातल्या प्रत्येक नोंदीची वेळ तपासली होती, तो ही यादी बघणार नाही असं मी का धरून चाललो कोण जाणे.

"पूर्वी तुझी फाईल शनिवारी-रविवारी सेव्ह व्हायची. मग सोमवारी सकाळी अकराला झाली. मंगळवारी दोनला. गुरुवारी पुन्हा अकराला. ऑफिसात एवढं कोणी खेळू देत नाही. चौथ्या दिवशी मला कळलं."

"चौथ्या?" मी विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." त्यांनी बशीत चहा ओतला. "तू खुलासा मागितला होतास. तो आज देतो. एक वर्ष नीट खेळायला मला सहा दिवस लागतात. सहा दिवस फाईल माझ्याकडे राहिली तर तू इथे दिवसभर काय करणार? म्हणून मी एका संध्याकाळात उरकत होतो. सैन्य थंडीत राहिलं, ते त्यामुळे. डोळे मिटून नाही केलं."

मी तो शेरा शब्द न् शब्द आठवला. निवृत्तीचे वय उलटल्याचा परिणाम असावा. दुपारच्या त्या गर्दीत, केबलची बंडलं घेऊन जाणाऱ्या हमालांच्या देखत, मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. शरम वाटली, पण थांबता येत नव्हतं. बाबांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. माझ्या कोपराजवळचा कप सांडू नये म्हणून सरकवला.

"माझंही चुकलं," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मी फाईल देत राहिलो म्हणून तू बसून राहिलास. काल एका गावासाठी एवढ्या प्रती दिसल्या आणि मी घाबरलो. आज सकाळी मोजल्या तर चाळीसच्या वर. लॅपटॉप आणलायस? दाखव."

मी पिशवीतून लॅपटॉप काढून बुधवारची प्रत उघडली. त्यांनी चष्मा लावला. नदी बघितली, तिन्ही सैन्यं बघितली, गाव बघितलं.

"हे गाव जाणार," ते म्हणाले.

"बाबा, एकदा दोनशे माणसं उरली होती. जरा वेगळं केलं तर..."

"जाणार. शत्रू अजून एका चालीवर आहे ना? रस्ता मोकळा आहे ना?" त्यांनी एका बोटाने मामलेदारावर क्लिक केलं, दुसऱ्या बोटाने पश्चिमेच्या रस्त्यावर. सहाशे माणसं घेऊन मामलेदार गावाबाहेर पडला. "तीन वर्षांच्या वर झाली की बदली. याची मीच केली नाही. तेहतीस वर्षं ठेवला." आणि त्यांनी चाल संपवली.

रिकामं गाव शत्रूने घेतलं. तटबंद्या, बाजार, कालवा, सगळं गेलं. मामलेदार डोंगराच्या अलीकडे रस्त्यावर उभा होता, जिवंत. त्रेचाळीस वेळा मी तट लढवला होता, पूल तोडले होते, आणि त्याला तिथून निघ असं म्हणायचं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फुलस्केप काढला आणि खिशातलं पेन माझ्यासमोर ठेवलं. "आता चार्ज लिही."

"याचा?"

"तुझा. सूनबाईला द्यायचा. काय गेलं, काय शिल्लक, काय बिघडलं. आकडे घालून, कलमवार. भाषा साधी ठेव."

मी लिहिलं. सात कलमं झाली. पहिल्यात नोकरी कधी गेली ते. दुसऱ्यात रोज कुठे बसलो ते. तिसऱ्यात मुलाखती. चौथ्यात, तिने केलेल्या पोळ्या मी रोज जिन्यात उभं राहून खाल्ल्या. पाचव्यात, बाबांवर मी मारलेला शेरा. सहाव्यात, पालकसभेच्या दिवशी मीटिंग नव्हती. सातवं मी न थांबता लिहिलं, की हे सगळं माझ्या नालायकपणामुळे झालं.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग पेन घेऊन सातव्या कलमावर एक सरळ रेघ मारली. खालचं सगळं वाचता येत होतं. बाजूला त्यांनी बारीक सही केली, तारीख घातली.

"सहावं?" मी विचारलं.

"सहावं राहू दे. ते खरं आहे."

खाली त्यांनी माझ्याकडून दोन जागा आखून घेतल्या, कार्यभार देणार आणि कार्यभार घेणार. पहिल्या जागी मी सही केली. तुम्हीही चला म्हटलं तर ते उठले आणि पिशवीची घडी घालत म्हणाले, "चार्ज देताना तिसऱ्या माणसाचं काय काम?" स्वारगेटच्या दिशेने ते गर्दीत गेले. त्यांची चाल मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हाताऱ्यासारखी वाटली.

साडेचारला बायको घरी आली तर मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो होतो. तिने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?" मी कागद पुढे केला. तोंडाने मला सांगताच आलं नसतं.

ती उभ्याउभ्या वाचायला लागली, मग बसली. खोडलेलं सातवं कलम तिने खिडकीपाशी नेऊन वाचलं. मग कागद घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. वीस-पंचवीस मिनिटं आतून काहीच आवाज नव्हता. तेवढ्या वेळात मी ओटा दोनदा पुसला. ती दार उघडून ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कागद टेबलावर ठेवला. कार्यभार घेणार या जागी तिची सही होती, आणि वर तिच्या लॅबच्या अहवालांतल्या त्या बारक्या, सुबक अक्षरात एक ओळ. "कलम सहा वगळून कार्यभार स्वीकारला."

"सहावं माझ्याकडे द्यायचं नाही," ती म्हणाली. "ते तिला सांगायचं. तूच."

मुलीची क्लासची रिक्षा साडेपाचला येते. मी चप्पल घातली, खाली गेलो आणि सोसायटीच्या फाटकापाशी उभा राहिलो.